दव पडत नाही, जमतं

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी बेळगावजवळच्या येळ्ळूर किंवा उचगावसारख्या गावात दोन मोटारसायकली बघाव्यात. एक अंगणात उघड्यावर लावलेली, दुसरी गोठ्याच्या पत्र्याखाली. हवा दोन्हींभोवती तीच, थंडीही जवळपास तेवढीच. तरी अंगणातल्या गाडीची सीट फडक्यानं पुसल्याशिवाय बसता येत नाही, टाकीवरून ओघळ उतरलेले असतात, आणि पत्र्याखालची गाडी कोरडी ठणठणीत. दव वरून पडतं असं आपण म्हणतो, ते या दृश्यानं खरंही वाटतं. छपराखाली असेल ते वाचतं, उघड्यावर असेल ते भिजतं. मात्र त्याच गोठ्याच्या पत्र्याला हात लावून पाहिला तर आतल्या बाजूनंही थेंब लटकलेले सापडतात. वरून पडलेलं पाणी पत्र्याच्या पोटाला कसं चिकटेल?

दव कुठूनच पडत नाही. ते जिथं दिसतं तिथंच, भोवतालच्या हवेतल्या वाफेपासून तयार होतं. धुक्याचं आणि हिमकणांचंही मूळ तेच. तिघांत फरक पडतो तो एवढ्यावरच की आधी काय थंड झालं आणि किती थंड झालं. गवताचं पातं किंवा पत्रा थंड झाला तर दव. हवाच थंड झाली तर धुकं. आणि पृष्ठभाग शून्य अंशाखाली गेला तर हिमकण. आपल्या सीमाभागात कानडी शेजारी दवाला इब्बनी म्हणतात, पण धुकं आणि हिम या दोन्हींना एकच शब्द वापरतात, मंजू. विज्ञानाच्या दृष्टीनं या सगळ्याला एकच नाव असतं तरी चाललं असतं.

हवेत वाफ किती मावते ते तापमानावर ठरतं. एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा खोक्यातली हवा ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३० ग्रॅम वाफ बाळगू शकते. २० अंशांना ती मर्यादा १७ ग्रॅमवर येते, १५ अंशांना पावणेतेरा, १० अंशांना साडेनऊच्या जवळ आणि शून्याला पाच ग्रॅमही नाही. म्हणजे साधारण दर दहा-अकरा अंशांच्या उतारासोबत मर्यादा निम्मी होते. आता समजा संध्याकाळी हवा २५ अंश आहे आणि तिच्यात पावणेतेरा ग्रॅम वाफ आहे. २५ अंशांना २३ ग्रॅम मावू शकतात, तेव्हा आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास, कोरडीच म्हणावी अशी. रात्री एक थेंबही वाफ बाहेरून न येता हीच हवा १५ अंशांवर आली की ती काठोकाठ भरते. त्याखाली उतरलेल्या प्रत्येक अंशाला जास्तीची वाफ पाणी होऊन बाहेर पडलीच पाहिजे.

ज्या तापमानाला हवा अशी काठोकाठ भरते त्याला दवबिंदू तापमान म्हणतात. (शब्द जरा फसवा आहे. दवबिंदू म्हणजे थेंबही आणि अंशांत मोजायचं तापमानही. इथं तापमानच घ्यायचं.) सकाळी आर्द्रता ९५ टक्के आणि दुपारी ४० टक्के अशा आकड्यांनी गोंधळ होतो, कारण तापमान बदललं की वाफ तेवढीच राहूनही टक्केवारी बदलते. दवबिंदू तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. शेतकऱ्याला उपयोगी पडणारा आकडा तोच. मोबाईलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये तो असतो, आणि घरीही मोजता येतो.

त्यासाठी चकचकीत स्टीलचं फुलपात्र, बर्फ आणि शून्य ते पन्नास अंशांचा साधा थर्मामीटर लागतो. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो ३५ अंशांच्या आसपासच सुरू होतो. फुलपात्रात अर्ध्यापर्यंत घरातलं पाणी घ्या आणि बाहेरची बाजू कोरड्या फडक्यानं पुसून ते पडवीत ठेवा. बर्फाचा बोराएवढा एकच तुकडा टाकून चमच्यानं ढवळत राहा. तो विरघळला की दुसरा. पाण्याच्या पातळीखाली भांड्याची चमक जिथं पहिल्यांदा मंद होईल, बोट फिरवल्यावर रेघ उमटेल, त्या क्षणी आतलं तापमान वाचा. मग बर्फ न टाकता थांबा, आणि ती मंद झाक पुसट होऊन गेली की परत वाचा. दोन आकड्यांचा मध्य म्हणजे दवबिंदू तापमान. हा प्रयोग बिघडतो तो दोन कारणांनी. घाईनं जास्त बर्फ टाकला की पारा आकडा ओलांडून खाली जातो. आणि वाकून जवळून बघितलं तर आपल्याच श्वासातली वाफ भांड्यावर जमते. हातभर दूर राहून, तोंड बाजूला ठेवून बघावं.

संध्याकाळी सहाला हा आकडा मिळाला की रात्रीच्या अंदाजातल्या किमान तापमानाशी ताडून पाहायचं. किमान तापमान दवबिंदूपेक्षा पाच-सहा अंशांनी वर राहणार असेल तर सकाळ कोरडी जाते. तीन-चार अंशच वर असेल तर गवत, पत्रे, पिकांची पानं ओली होणार. आणि किमान तापमान दवबिंदूइतकंच किंवा खाली जाणार असेल तर धुक्याची तयारी ठेवावी. रात्री ढग आले किंवा वारा सुटला तर हे सगळे अंदाज रद्द.

हवा दवबिंदूपेक्षा चार अंशांनी गरम असताना गवत ओलं कसं होतं? अंदाजातलं तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेलं असतं. उघड्या शिवारातलं गवताचं पातं त्याच वेळी तीन ते पाच अंशांनी थंड असू शकतं. प्रत्येक वस्तू रात्रभर आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांनी बाहेर टाकत असते. दगड, डांबर, ओली माती यांना खालून जमिनीची ऊब मिळत राहते. पातळ पानाला किंवा अधांतरी पत्र्याला ती मिळत नाही, म्हणून ती लवकर निवतात. वर ढग असेल तर तो तीच उष्णता गोधडीसारखी परत धाडतो. निरभ्र आकाश परत फारच कमी देतं. झाडाची फांदी, मांडव, गोठ्याचं छप्पर हीसुद्धा गोधडीच, म्हणून छपराखालची मोटारसायकल हवेपेक्षा थंड होत नाही आणि कोरडी राहते. तो पत्रा स्वतः मात्र आकाशाकडे तोंड करून असतो, तो निवतो, आणि जनावरांच्या उबदार श्वासातली वाफ आतून त्याच्या पोटाला जमते.

हे कोडं सोडवलं विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरानं. १८१४ साली त्यानं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याची युक्ती साधी होती. उंचावर आडवी फळी ठेवायची, वजन केलेला लोकरीचा पुंजका तिच्यावर आणि तेवढाच पुंजका तिच्या खाली लावायचा, आणि सकाळी दोन्ही परत तोलायचे. आकाश दिसणाऱ्या पुंजक्यानं कितीतरी जास्त पाणी धरलेलं असायचं. पुढं १८८० च्या दशकात जॉन एटकन या स्कॉटिश संशोधकानं दाखवलं की दवातला काही भाग खालच्या ओल्या मातीतून वर आलेल्या वाफेचाही असतो. परतीचा पाऊस संपून आकाश निवळलं की आपल्याकडच्या भाताच्या खाचरांत दव भरपूर दिसतं त्याचं एक कारण हेच. माती अजून ओलीच असते.

वाऱ्याबद्दल एक बारकावा सांगायला हवा. जोराचा वारा वरची उबदार हवा खाली मिसळतो आणि दव होऊ देत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण हवा अगदी मुडद्यासारखी स्तब्ध असली तरी दव बेताचंच जमतं, कारण पानाला लागलेल्या हवेतली वाफ संपते आणि नवी येत नाही. सगळ्यात जड दव येतं ते नुसती झुळूक असलेल्या रात्री.

असं दव किती असतं? चांगल्या रात्री थराची जाडी ०.१ ते ०.३ मिलिमीटर. ०.२ धरली तर एका गुंठ्याला सुमारे २० लिटर, एकराला ८०० लिटर. ऐकायला मोठं वाटतं, पण एकरावर पाच मिलिमीटरची हलकी सर पडली तरी २० हजार लिटर पाणी येतं. त्यामुळे ‘शाळू दवावर पिकतो’ हे म्हणणं जसंच्या तसं घेऊ नये. शाळू पिकतो तो काळ्या जमिनीनं खोलवर साठवलेल्या ओलीवर. दवाची मदत आहे, पण वेगळ्या वाटेनं. सूर्य वर आल्यावर पानावरचं दव आधी उडतं आणि तेवढा वेळ पिकाला स्वतःचं पाणी खर्चावं लागत नाही.

सकाळी पानावर दिसणारं सगळंच पाणी दव नसतं. भाताच्या किंवा गवताच्या पात्याच्या नेमक्या टोकावर एकच टपोरा थेंब, किंवा टोमॅटोच्या पानाच्या कडेला शिरा संपतात तिथं ओळीनं थेंब दिसले, तर ते मुळांनी ओढलेलं आणि पानानं बाहेर ढकललेलं पाणी आहे. ओल्या जमिनीत, उबदार रात्री ते जास्त दिसतं. दवाचे थेंब बारीक असतात आणि पानभर सारखे पसरलेले. शेजारी पडलेल्या कोरड्या काडीवरही पाणी असेल तर दव नक्की.

आता धुकं. इथं वाफेला बसायला पान नसतं, तिला हवेतच आधार लागतो. तो देतात धूळ, धूर आणि मिठाचे डोळ्याला न दिसणारे कण. आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच हवेतल्या कणांना सुटतं आणि ते फुगू लागतात. म्हणून हवा पूर्ण भरायच्या आधीच लांबचे डोंगर पुसट होतात. भरल्यावर हे कण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढे थेंब होतात. एक घनमीटर धुक्यात पाणी असतं अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, पण ते कोट्यवधी थेंबांत वाटलेलं असल्यामुळे समोरचं दिसेनासं होतं. हवामानशास्त्रात धुकं म्हणायला दृश्यता एक किलोमीटरच्या आत यावी लागते. २०० मीटरच्या आत आली की दाट धुकं, ५० च्या आत आली की अतिदाट.

बेळगावच्या शिवारातलं हिवाळी धुकं म्हणजे रात्रभर निवलेल्या जमिनीनं वरच्या हवेचा थर थंड केल्याचा परिणाम. थंड हवा जड, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते. त्यामुळे शहापूर-वडगावकडची बळ्ळारी नाल्याकाठची खाचरं, मार्कंडेय नदीचा काठ, खानापुरात मलप्रभेच्या कडेची शेतं अशा खोलगट जागी धुई आधी साचते, आणि दोन फर्लांगावरच्या माळावर तोंड बघता येईल असं स्वच्छ असतं. राकसकोप किंवा हिडकल जलाशयावरून पहाटे उठणारी वाफ थोडी निराळी. तिथं पाणी उबदार आणि हवा थंड, चहाच्या कपावर दिसते तशी वाफ. पूर्वेला अथणीकडे जावं तशी हवा कोरडी होत जाते आणि धुकं दुर्मीळ होतं. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता सुटते, आणि ती रात्रीचं निवणं मंद करते. कोरड्या भागात हा अडसर नसतो, म्हणून तिथं दुपार तापलेली आणि पहाट बोचरी असते.

उजाडल्यावर धुकं वाढलं की लोकांना नवल वाटतं. सूर्याचं पहिलं ऊन गवतावरचं दव उडवतं, ती वाफ वरच्या थंड थरात शिरते आणि अर्धा-पाऊण तास धुकं आणखी दाटतं. नंतर जमीन तापते, धुकं बुडापासून विरायला लागतं आणि वरचा भाग खालच्या ढगासारखा तरंगत राहतो. धुकं ‘उचललं’ म्हणतात ते अगदी अचूक.

धूर करून धुकं पळवता येतं ही समजूत मात्र सोडायला हवी. पाचट पेटवलं की हवेत नवे कण जातात, धुक्याला नवे आधार मिळतात आणि ते जास्त दाट व जास्त वेळ टिकतं. दवबिंदूच्या जवळ आलेल्या संध्याकाळी शेत पेटवणं म्हणजे शेजारच्या रस्त्यावर स्वतःच्या हातानं पडदा ओढणं.

चोर्ला, आंबोली, कणकुंबीकडचं पावसाळी धुकं हे धुकं नव्हे, ढगच. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढताना दर शंभर मीटरला एक अंशानं निवते. हवेचं आणि दवबिंदूचं तापमान यांतल्या फरकाला १२५ नं गुणलं की ढगाचा बूड किती मीटरवर असेल ते मिळतं. गोव्यात जुलैमध्ये हवा २८ आणि दवबिंदू २५ असेल तर तीन गुणिले १२५, म्हणजे ३७५ मीटर. घाटमाथा सातशे-आठशे मीटरवर. वर पोचलेला माणूस ढगाच्या पोटातच असतो. या धुक्याला वारा घालवत नाही, उलट वाराच त्याला आणत राहतो.

धुक्यात गाडी चालवण्याचं गणितही छोटं आहे. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर गेले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी २५ ते ३० लागतात. ५० मीटर दिसत असताना ६० चा वेग म्हणजे धडक ठरलेली. ४० ला हाच हिशेब ३० मीटरच्या आत बसतो. निपाणीजवळचा तवंदी घाट असो की वंटमुरी घाट, दिवा खालच्या झोतावर ठेवावा. वरचा झोत थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. काचेवर धूसरपणा आला तर आधी तो आतून आहे की बाहेरून हे बोटानं बघावं. हिवाळ्यात बहुधा आतून असतो, आणि एसी चालू ठेवून गरम हवा काचेवर सोडली की जातो. पावसाळ्यात घाटात बाहेरून आला तर एसीनं काच गारठली आहे. वायपर फिरवून एसीचा झोत काचेवरून हलवावा.

हिमकण बेळगावकरांनी घराजवळ पाहायचे तर जुन्या पद्धतीच्या एकदारी फ्रिजच्या बर्फखान्यात. भिंतीवरचा पांढरा भुसभुशीत थर म्हणजे तेच. दवबिंदू तापमानच शून्याखाली असेल तर वाफ पाणी न होता सरळ बर्फाचे कण होऊन बसते, म्हणून तो थर काचेसारखा नसून पिसांसारखा असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी काही हिवाळ्यांत दिसतात ते बरेचदा आधी जमलेलं आणि मग गोठलेलं दव असतं. पेटीतला पारा तीन-चार अंश दाखवत असतानाही ते घडतं, कारण गवत त्याहून थंड असतं.

पिकांकडे वळताना एक गोष्ट पक्की धरावी. बहुतेक बुरशींना थंडीपेक्षा पान किती तास ओलं राहिलं याची किंमत जास्त. बटाटा-टोमॅटोवरच्या उशिराच्या करप्याला १५ ते २० अंशांत दहा-बारा तास ओलं पान मिळालं की पुरतं. दव रात्री दहाला सुरू होऊन धुक्यामुळे सकाळी नऊपर्यंत टिकलं तर ते तास भरले. द्राक्षावरच्या केवडा रोगाला त्याहून थोडे तास पुरतात. भुरी या पांढऱ्या बुरशीची गोष्ट उलटी. तिला पानावर पाणी लागत नाही, दमट हवा पुरते, म्हणून वाटाण्यावर किंवा आंब्याच्या मोहरावर ती दव नसतानाही चढते. भातानंतर घेतलेला मसूर फुलावर असताना लागोपाठ तीन-चार धुक्याच्या सकाळी आल्या तर तांबेरा रोगासाठी पानांची खालची बाजू रोज बघावी.

ओले तास कमी करणं आपल्या हातात आहे. तुषार सिंचन संध्याकाळी करू नये. संध्याकाळी भिजलेलं पान थेट दवाला जाऊन मिळतं. पाणी सकाळी द्यावं. दोघांनी दोर धरून पिकाच्या शेंड्यांवरून ओढत नेला की दव झटकलं जातं आणि पान तास-दीड तास आधी सुकतं. पण रोग आधीच दिसत असेल तर दोर ओढू नये, तोच ओला दोर रोग शेतभर नेतो. फवारणी पान सुकल्यावरच करावी. ओल्या पानावर औषध पातळ होऊन ओघळतं. याला अपवाद गंधकाच्या ३०० मेश, म्हणजे अगदी बारीक चाळलेल्या, भुकटीचा. तिची धुरळणी पहाटे दवातच करावी, कारण कोरड्या पानावर ती ठरत नाही.

दवाचे काही उपयोगही या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. हरभऱ्याच्या पानांवरची बारीक लव आंबट रस सोडते. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. संध्याकाळी धुतलेलं पांढरं मलमल पिकावर अलगद अंथरलं की रात्री दव त्यात मुरतं, आंबट रस त्यात विरघळतो, आणि उन्हं यायच्या आधी कापड पिळून आंब काचेच्या बाटलीत भरतात. धातूच्या भांड्यात ठेवत नाहीत, आम्ल ते खातं. जोराचा पाऊस होऊन गेला की आंब धुऊन जाते, म्हणून मध्ये दोन-चार कोरडे दिवस जाऊ द्यावे लागतात.

निपाणीच्या तंबाखूला तर दवाशिवाय हातच लावता येत नाही. उन्हात वाळलेलं पान दुपारी उचललं तर हातात चुरा होतो आणि चुऱ्याला भाव नाही. पहाटे तेच पान दवानं मऊ पडलेलं असतं, मुठीत दाबलं तरी तडकत नाही. उचलणं, रचणं, बांधणं, सगळं तेव्हाच उरकायचं. पण पान मऊ असावं, भिजलेलं नको. दाबल्यावर बोटांना ओल लागली तर ते रचलेल्या ढिगात काळं पडून कुजतं, आणि ऊन चढून देठ कडक झाला की त्या दिवसाचं काम थांबवावं लागतं.